‘काही वाटत नाही’ असं ते म्हणाले तेव्हा

डॉक्टरांनी कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला. त्यावर माझ्या नवऱ्याच्या डोक्याचा आतला फोटो होता. कपाळाच्या मागे, दोन्ही डोळ्यांच्या वर, एक पांढरी गोल गाठ दिसत होती. चांगल्या मोठ्या लिंबाएवढी.

“याला मेनिंजिओमा म्हणतात,” डॉक्टर म्हणाले. “मेंदूवर पातळ आवरण असतं, त्यातून ही गाठ निघते. बहुतेक वेळा हा कॅन्सर नसतो. फार हळू वाढते. ही किती वर्षांची आहे ते सांगता येणार नाही.” मग त्यांनी विचारलं, “हे असे कधीपासून आहेत?”

“असे म्हणजे?”

“गप्प. स्वतःहून काही न करणारे. कशाचंच काही न वाटणारे.”

मी शेजारी बसलेल्या दानिएलकडे पाहिलं. आम्ही त्यांच्या डोक्यातल्या गाठीबद्दल बोलत होतो आणि ते टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होते.

“दोन वर्षं तरी झाली,” मी म्हटलं. “मला वाटलं, यांचं माझ्यावरून मन उडालं.”

डॉक्टर हसले नाहीत. “पुष्कळ घरांत तसंच वाटतं. याला अ‍ॅपथी म्हणतात. ही उदासी नाही. उदास माणसाला दुःख तरी होतं. मेंदूचा पुढचा भाग, ज्याला आम्ही फ्रंटल लोब म्हणतो, तो माणसाला ‘ऊठ, कर’ म्हणून आतून ढकलतो. गाठ नेमकी त्यावर बसली आहे.”

जळगावच्या त्या दवाखान्यात मला आधी सुटल्यासारखं वाटलं. घाबरायला झालं ते नंतर. आणि या दोन्हींच्या मध्ये एक प्रश्न येऊन बसला. लिंबाएवढ्या गाठीने प्रेम बंद पडत असेल, तर प्रेम म्हणजे आहे तरी काय? हा प्रश्न मला अजून सोडत नाही. तुमच्याही घरात असं गप्प झालेलं माणूस असेल, म्हणून हे सगळं पहिल्यापासून सांगते.

आम्ही एरंडोलचे. मी बालवाडीत शिकवते, म्हणून सगळे मला बाईच म्हणतात. दानिएलचं हायवेजवळ मोटारी भरायचं दुकान. विहिरीवरची मोटर जळाली की ती उघडून आत नवी तांब्याची तार गुंडाळायची, याला आमच्याकडे मोटर भरणं म्हणतात. उन्हाळ्यात दुकानापुढे शेतकऱ्यांची रांग असायची. मोटर खाली उतरवायच्या आधीच हे वासावरून सांगायचे, “ही जळालीय.”

बोलका माणूस. रविवारी चर्चला, आमच्या लहानशा मंडळीत, ढोलकी वाजवायचे, आणि भक्ती संपल्यावर कोण आजारी आहे, कोण दिसलं नाही, याची चौकशी करत शेवटी बाहेर पडायचे. मी दारात चपला घालून उभी असायची.

सुरुवात कशी झाली हे आता मागे वळून पाहताना कळतं. एका शेतकऱ्याची जळालेली मोटर त्यांनी “ठीक आहे” म्हणून परत केली. तो चिडून परत आला. यांनी ऐकून घेतलं आणि काहीच बोलले नाहीत. मला वाटलं, वय झालं.

मग ढोलकी सुटली. चौकशा सुटल्या. दुकान उघडायला उशीर होऊ लागला, मग ते बंदच राहू लागलं. घरी ते दारातल्या खुर्चीवर बसायचे आणि संध्याकाळपर्यंत बसून राहायचे. आमच्या मुलीला, रूथला, पहिली मुलगी झाली. ती जळगावला मेहरूणला राहते. आम्ही बघायला गेलो. यांनी बाळाला हातात घेतलं, थोडा वेळ धरलं आणि सामान परत करावं तसं परत दिलं. मला रूथच्या तोंडाकडे बघवलं नाही.

आमच्या शेजारच्या जिजाअक्का शेतीवाल्या घरातल्या, माझ्यापेक्षा मोठ्या. त्या एक दिवस यांच्याकडे बराच वेळ बघत उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, “बाई, मानूस आठे शे, पन त्याना जीव आठे नही.” माणूस इथे आहे, पण त्याचा जीव इथे नाही. अक्कांना जे कळलं ते मी ऐकलं, पण धरलं नाही.

एका सकाळी त्यांनी अंथरूण ओलं केलं. मी चादर काढत होते आणि ते बाजूला उभे होते. ना लाज, ना ‘राहू दे’. माझ्या हातातली चादर तशीच राहिली. मी विचारलं, “अहो, माझ्यावर तुमचं प्रेम राहिलं नाही का?”

त्यांनी खरोखर विचार केला. मग म्हणाले, “माहीत नाही. काही वाटत नाही.”

त्यात राग नव्हता. मला दुखवायचं म्हणूनही ते बोलले नव्हते. ‘आज पेपर आला नाही’ असं सांगावं तसं सांगितलं. भांडून बोलले असते तर मी भांडले असते. याला काय उत्तर द्यायचं?

त्या आठवड्यात मी रूथला फोन केला की मी थोडे दिवस तुझ्याकडे येते. किती दिवस ते सांगितलं नाही. मलाही ठाऊक नव्हतं.

जायच्या आधी मी आमच्या पाळकसाहेबांना भेटले. ते नंदुरबारकडचे, म्हातारे, कमी बोलणारे. आमच्या मंडळीत ‘प्रेम’पेक्षा ‘प्रीती’ हा शब्द जास्त चालतो. बाहेरच्या लोकांना तो नाटकातला वाटतो, पण आमच्याकडे पाहुण्याला पाणी देण्यापासून वैऱ्याला माफ करण्यापर्यंत सगळ्याला हाच शब्द. मी लहानपणापासून तो इतक्यांदा ऐकला होता की त्याचा अर्थ विचारायचं कधी सुचलंच नाही. त्या दिवशी विचारला.

“प्रीती संपली तर काय करायचं?”

“कोणाची?”

“दोघांची.”

त्यांनी विचारलं, “सकाळी त्यांना चहा कोण देतं?”

“मीच.”

“रागात देता?”

“बहुतेक वेळा.”

“गार देता?”

“नाही,” मी म्हटलं. “पण साहेब, राबण्यालाच प्रीती म्हणायचं असेल तर मग गावातली प्रत्येक बाई ती करते आणि तिला काय वाटतं ते कोणी विचारत नाही. तुमचं हे उत्तर बायकांना फार महाग पडतं.”

ते म्हणाले, “खरं आहे. राबणं माणसाकडे न बघताही होतं. तुम्ही त्यांच्याकडे नीट शेवटचं कधी पाहिलंत?”

“रोज समोरच असतात.”

“तसं नाही. बालवाडीत नवं पोर आलं आणि कोपऱ्यात बसून राहिलं, तर तुम्ही त्याच्यावर रुसता का? का बसलंय ते शोधता. येशू लोकांना बरं करायच्या आधी पुष्कळदा विचारायचा, तुला काय हवंय म्हणून. त्याला कळत नव्हतं का? तरी विचारायचा. मला वाटतं, विचारणं हीसुद्धा प्रीतीच असावी. मुलीकडे जा, पण आधी आठवडाभर नुसतं बघा.”

मी चिडूनच घरी आले. पण डोक्यात ते बसलं, कारण पोरांकडे बघणं हे माझं कामच आहे. आपल्याच नवऱ्याकडे मी नवीन आलेल्या पोरासारखं बघू लागले.

आणि दिसायला लागलं. ‘आंघोळ करा’ म्हटलं की ते उठायचे, साबण लावून नीट आंघोळ करायचे. म्हटलं नाही तर संध्याकाळपर्यंत तसेच. ताट समोर ठेवलं की जेवायचे, नाही ठेवलं तर भूक लागली असं म्हणायचे नाहीत. सांगितलेलं एकही काम त्यांनी टाळलं नाही, आणि न सांगितलेलं एकही केलं नाही. हा आळस नव्हता. आळशी माणूस कारणं सांगतो.

सकाळी उठल्यावर ते कपाळावर तळहात दाबून बसायचे. विचारलं तर “दुखतं” म्हणायचे, पण विचारलं तरच.

एकदा मी अंगणात जिजाअक्कांशी बोलत राहिले आणि आत दूध करपलं. वास पार रस्त्यापर्यंत गेला. हे स्वयंपाकघराच्या दारातच बसले होते. मला आठवली ती शेतकऱ्याची मोटर. मी घासलेटचा बोळा त्यांच्या नाकाशी धरला. “कशाचा वास आहे?” ते म्हणाले, “वास कुठे आहे?”

माझा राग त्या क्षणी कुठे गेला ते मला सांगता येणार नाही. त्याच्या जागी कुतूहल आलं. इतकं की रात्री मी एक एक गोष्ट मनात जुळवत बसायची. मी जळगावला रूथकडे गेले नाही.

धुळ्याच्या एका मानसोपचार तज्ज्ञांकडे आम्ही आधी एकदा जाऊन आलो होतो. त्यांनी नैराश्याच्या गोळ्या दिल्या होत्या, म्हणजे ज्याला डिप्रेशन म्हणतात त्याच्या. फरक पडला नव्हता. या वेळी मी त्यांना हे सगळं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि दानिएलना विचारलं, “तुम्हाला दुःख होतं का?”

“नाही.”

“रडू येतं? मरावंसं वाटतं?”

“नाही.”

“आनंद?”

“नाही.”

डॉक्टरांनी आतून कॉफीची पुडी मागवली, यांना डोळे मिटायला सांगितले आणि एका एका नाकपुडीशी ती धरली. यांना काही कळलं नाही. वास न येण्याला अ‍ॅनोस्मिया म्हणतात. डॉक्टर मला म्हणाले, “बाई, मी आज औषध बदलत नाही. आधी मेंदूचा एमआरआय करा. तुम्ही हे सगळं बघून ठेवलंत ते बरं केलंत.”

एमआरआय म्हणजे मोठ्या चुंबकाच्या नळीत माणसाला झोपवून आतले फोटो काढतात. हातोडे मारल्यासारखा आवाज येतो. पुष्कळ जण घाबरून बाहेर येतात. तो आम्ही जळगावला केला. मशीन चालवणारी मुलगी मला म्हणाली, “काका किती शांत आहेत.” मी मान हलवली. त्यानंतरचं वर सांगितलंच आहे.

ऑपरेशनचं नाव क्रॅनिओटॉमी. कवटीचा एक तुकडा उघडून आतली गाठ काढतात आणि तुकडा परत बसवतात. धोके डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. रक्तस्राव, झटके, नजर जाणं. वास बहुतेक परत येणार नाही. स्वभाव परत येईल का? “पुष्कळदा येतो,” ते म्हणाले. “सगळा येतो असं वचन देत नाही.” दानिएलना विचारलं तर ते “करा” म्हणाले, न्हाव्याला दाढी करा म्हणावं तसं.

मी उठता उठता विचारलं, “डॉक्टर, प्रेम डोक्यात कुठे असतं?”

त्यांना हा प्रश्न नवीन नसावा. “इतकी डोकी उघडली, मला कुठे दिसलं नाही,” ते म्हणाले. “मी गाठ काढणारा माणूस. वाट मोकळी करतो. पलीकडून कोण येतं ते तुम्ही ओळखायचं.”

ऑपरेशनच्या दिवशी थिएटरबाहेरच्या बाकांवर रूथ होती, तिची मुलगी होती, आणि एरंडोलहून पहिल्या गाडीने आलेल्या जिजाअक्का होत्या. त्यांनी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा बांधून आणला होता. मी म्हटलं, “अक्का, घरची कामं टाकून कशाला आलात?”

“करनं पडस, बाई,” त्या म्हणाल्या. “मानूसना जलम शे.” करावं लागतं, माणसाचा जन्म आहे. एवढं बोलून त्यांनी भाकरीचा तुकडा माझ्या हातात दिला. आमची प्रीती त्यांच्या भाषेत कोणत्या शब्दाने येते, असा मला प्रश्न पडला. कदाचित अशीच येते, शब्दाशिवाय.

मला त्या दिवशी प्रार्थना जमली नाही. मी डोळे मिटायची आणि एकच विचार यायचा. आतून कोण बाहेर येईल? माझा जुना माणूस, की खुर्चीवर बसणारा, की कोणी तिसराच? आणि तिसराच आला तर त्याच्याशी माझं नातं काय? इतकी वर्षं देवाकडे काही ना काही मागितलं होतं. त्या दिवशी नुसतं विचारत बसले. त्याला प्रार्थना म्हणतात का, मला माहीत नाही.

दुपार उतरल्यावर डॉक्टर बाहेर आले. गाठ निघाली होती. एक लहान भाग एका रक्तवाहिनीला चिकटलेला होता, तो त्यांनी मुद्दाम ठेवला होता. आयसीयूत यांचं तोंड इतकं सुजलं होतं की डोळे उघडत नव्हते. ‘हात दाबा’ म्हटलं की दाबायचे. सांगितलं की करायचे. म्हणजे तेच का पुन्हा? मी कोणाला विचारलं नाही.

पुढे वॉर्डात आणलं. सूज उतरत होती. मी खाटेशेजारी बसून संत्रं सोलत होते. अचानक हे म्हणाले, “त्या पंख्याचं बेअरिंग गेलंय.”

मी वर पाहिलं. पंखा कुरकुरत होता. त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं. दोन वर्षांत पहिल्यांदा ते स्वतःहून काही बोलले होते, आणि तेही पंख्याबद्दल. मी वॉर्डाच्या बाहेर जाऊन रडले. परत आले तर ते चिडून म्हणाले, “हा पंखा पडेल कोणाच्या तरी डोक्यावर. सांग त्यांना.” त्यांचा तो त्रासिक आवाज मला किती गोड लागला.

बायोप्सी म्हणजे गाठीच्या तुकड्याची तपासणी. तिचा रिपोर्ट चांगला आला. कॅन्सर नव्हता.

इथे गोष्ट संपली असं समजू नका. पुढचे महिने फार वेडेवाकडे गेले. बंद असलेलं सगळं एकदम वाहू लागलं. जाहिरात बघून रडायचे. भाजीत मीठ कमी म्हणून एकदा ताट ढकललं आणि मग तासभर माफी मागत राहिले. डॉक्टर म्हणाले, दाब उतरल्यावर मेंदू नव्याने शिकतो, धीर धरा, झटक्यांच्या गोळ्या चुकवू नका. आम्ही दोन्ही केलं. एकदा रूथची मुलगी त्यांच्या मांडीवर बसून हसली आणि हे तिच्याकडे बघतच राहिले. “हिला दात कधी आले?” म्हणाले. मग त्यांनी तिला छातीशी धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

त्या दोन वर्षांतलं त्यांना सगळं आठवतं. मला वाटलं होतं आठवणार नाही. मी विचारलं, “तेव्हा आत कसं होतं?”

ते म्हणाले, “मोटर फिरतेय, पण पट्टा निसटलाय. तसं. तू चादरी धुवायचीस ते दिसायचं. तू रडायचीस ते कळायचं. पण त्याने आत काही ओढलं जायचं नाही.”

“मग मी सांगायची ते का करायचात?”

“तू सांगायचीस म्हणून.”

यावर आम्ही पुष्कळ बोललो आहोत. काही न वाटता, नुसत्या सांगण्यावरून एखाद्याचं ऐकणं ही प्रीती का? ते म्हणतात, नाही, ती सवय. मी म्हणते, मग माझंही रागात चहा देणं सवयच. पाळकसाहेबांना विचारलं तर ते दोघांकडे बघून म्हणाले, “सवय इतक्या सहज लागत नाही.”

ज्यांच्या घरात असं घडत असेल त्यांना माझं एवढंच सांगणं. जवळचं माणूस बदललं तर आधी ते आपल्याविरुद्ध आहे असं धरू नका. वास जाणं, सकाळचं डोकं दुखणं, लघवीवरचा ताबा सुटणं, आणि सांगितल्याशिवाय काहीच न करणं, हे एकत्र दिसलं तर डॉक्टरांना एकत्रच सांगा. प्रत्येक गप्प माणसाच्या डोक्यात गाठ नसते. पण प्रत्येक गप्प माणसाकडे नीट बघावं लागतं. आणि तुम्ही स्वतः थकलात तर तेही कोणाला तरी सांगा. धुळ्याच्या आणि जळगावच्या दोन्ही डॉक्टरांची मी ऋणी आहे, आणि जिजाअक्कांची तर किती ते मोजता येणार नाही.

परवा आम्ही वर्षाच्या तपासणीला जळगावला गेलो होतो. तो ठेवलेला लहान भाग आहे तसाच आहे. डॉक्टर म्हणाले, वाढला नाही, पण दर वर्षी बघत राहायचं. संध्याकाळच्या गाडीने परत निघालो. दोन्ही बाजूंना कपाशी फुटलेली होती. हे खिडकीतून बाहेर बघत होते. बराच वेळ गेल्यावर म्हणाले, “पुन्हा वाढली तर?”

“तर पुन्हा काढू.”

“ते नव्हे. मी पुन्हा तसा झालो तर? पुन्हा मला काही वाटेनासं झालं तर?”

मी खोटं बोलणार नव्हते. तेव्हा मला काय वाटेल ते मला आज कसं ठाऊक असणार? मी म्हटलं, “तर मी पुन्हा सांगत जाईन. उठा. आंघोळ करा. जेवा.”

त्यांनी मान हलवली. गाडी एका फाट्यावर थांबली, माणसं चढली, गाडी निघाली. मग त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, “आणि तुलाही काही वाटेनासं झालं तर? तुला कोण सांगेल?”

“मला सांगून ठेवलेलं आहे,” मी म्हटलं. “फार पूर्वीच. एकमेकांवर प्रीती करा म्हणून.”

थोड्या वेळाने त्यांनी खिडकीची काच ओढून घेतली, माझ्या बाजूला वारा येत होता म्हणून.